खाली राहिलेला ठिपका

श्रेणिक,

तुझा अ‍ॅप्रन अजून प्रयोगशाळेच्या दारामागे खिळ्याला आहे. खिशाशेजारी आम्लानं पडलेलं भोक तसंच आहे. त्या भोकातून बोट बाहेर काढून तू "कोन हाय रं आत?" म्हणायचास. माझा अ‍ॅप्रन शेजारच्याच खिळ्याला असतो, त्यामुळे रोज ते भोक दिसतं. तुझा अ‍ॅप्रन काढा असं कुणी म्हटलेलं नाही आणि कुणी काढलेलाही नाही.

त्या सोमवारी सकाळी मी तुझंही स्टूल टेबलाशी ओढून ठेवलं होतं. निपाणीची गाडी वेळेवर येत नाही हे ठाऊक होतं, म्हणून वाट बघत नळ्यांना चिठ्ठ्या लावत बसलो होतो. शिपाईमामा दारात येऊन उभे राहिले.

"सिद्धू, तो पाटील निपानीकडचा न्हवं?"

"मामा, निम्मा वर्ग पाटीलच आहे. कुठला पाटील?" मी विचारलं. श्रेणिक, मी हे हसत विचारलं.

"चष्म्यावाला. तुझा जोडीदार. ऑफिसात फोन आलाय. काल सकाळी मोटार चालू कराय गेलता म्हनं, हिरीवर. शॉक बसला."

"मग?"

मी परत विचारलं, "मग? आज येणार नाही का तो?" शॉक बसला म्हणजे हात भाजला असेल, निपाणीला दवाखान्यात नेलं असेल, चार दिवस सुट्टी होईल, असंच माझ्या डोक्यात चाललं होतं. मामांनी डोक्यावरची टोपी काढली. तरीही मला कळलं नाही. हातातली चिठ्ठी मी नळीला नीट चिकटवली, बोटानं दाबून बसवली, आणि पुढची चिठ्ठी लिहायला घेतली. त्या चिठ्ठीवर काय लिहायचं ते आठवेना. तेव्हा कुठे मी मामांकडे बघितलं.

ओल्या हातानं स्विच लावू नको म्हणून माझ्यावर रोज ओरडणारा तू. पाण्यात आम्ल ओतायचं, आम्लात पाणी नाही, हे मला पाठ होईपर्यंत म्हणायला लावणारा तू. मिरचीला पाणी सोडायला गेलास, वीज आली होती, आणि स्टार्टरला हात लावलास. एवढंच कळलं. मी पोचेपर्यंत सगळं उरकलेलं होतं. मी तुला गेलेलं बघितलंच नाही. त्यामुळे असेल, पण अजून गाडीच्या वेळेला माझं लक्ष दाराकडे जातं.

हे मी कशाला लिहितोय ते सांगतो. शनिवारी स्टँडवर आपलं बोलणं अर्धं राहिलं. त्याचं उत्तर मला आता मिळालं आहे, आणि ते मी दुसऱ्या कुणाला सांगितलं तरी सांगितल्यासारखं वाटत नाही.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. वडील रस्त्याच्या कामावर, आई मिळेल त्या शेतात. उचगावहून पहिल्या दिवशी आलो तेव्हा गॅसचा बर्नर मी कधी पाहिलेला नव्हता. सर इंग्रजीतून सांगत होते आणि मी प्रत्येक वाक्याला मान हलवत होतो. तू शेजारी बसला होतास. एकदा माझ्याकडे बघितलंस आणि हात वर केलास.

"सर, ऑटोक्लेव्ह म्हंजे नेमकं काय?"

वर्ग हसला. सर म्हणाले, "पाटील, घरात कुकर बघितलाय का?"

"बघितलाय सर."

"तोच. मोठा."

मला समजलं. नंतर तू असेच प्रश्न विचारत राहिलास आणि वर्ग हसत राहिला. मला वाटायचं, बरं झालं, आपल्याएवढाच अडाणी कुणीतरी शेजारी मिळाला. पुढं तुझ्या गावी आलो तेव्हा कळलं की तुझी आक्का दवाखान्यात नर्स आहे आणि ऑटोक्लेव्ह तू शाळेत असल्यापासून बघत आलायस. गाडीत मी तुला विचारलं, मग वर्गात कशाला विचारलंस? तू खिडकीबाहेर बघत म्हणालास, "इसरलो हुतो." मी तेवढ्यावर सोडलं. तुझे आभार मानायचे ते तेव्हाच राहिले.

शेवटच्या वर्षी सरांनी तो तास घेतला, तुला आठवतो. "भावकी कशावरून ओळखता रे तुम्ही?" असं त्यांनी विचारलं.

"आडनावावरनं सर," मागून कुणीतरी म्हणालं.

"बरं. या वर्गातल्या पाटलांनी हात वर करा."

निम्मे हात वर गेले. कोण जैन, कोण लिंगायत, कोण मराठा, कोण घरी कन्नड बोलणारा, कोण मराठी. सगळे एकमेकांकडे बघून हसायला लागले.

"आता हे सगळे एका भावकीतले का? नाही ना? जिवाणूंचंही तसंच. दोन काड्या भिंगाखाली सारख्या दिसल्या म्हणून त्या बहिणी होत नाहीत. दिसणं फसवतं. पेशीच्या अंगाभोवती जे आवरण असतं, त्यात चरबी असते. ती कुठली आहे, तिचे तुकडे एकमेकांना कसे सांधलेले आहेत, ते बघा. जवळच्या नात्यात ते सांधे सारखे निघतात."

तू माझ्या कानात म्हणालास, "मग क्यान्टीनवाला आपल्याला सख्खं भाऊ का म्हनतोय रं? दिसन्यावर गेलाय त्यो."

खरंच म्हणायचा तो. दोघं किडकिडीत, दोघांना जाड चष्मा. त्यानं पहिल्यांदा विचारलं, तेव्हा तू गंभीर चेहरा करून सांगितलंस, "व्हय मामा, आई दोन, बाप दोन, खरं सख्खं." बिचारा बराच वेळ चहा गाळायचा थांबला होता.

त्याच तासाच्या शेवटी सरांनी प्रकल्प दिले. आपल्याला म्हणाले, दोन वेगळ्या ठिकाणचे जिवाणू आणा, त्यांच्या अंगावरची चरबी काचेवर लावून दाखवा. तू लगेच ठरवलंस. एक तुझ्या आईच्या दह्यातला. दुसरा कुठला, ते सुचेना. तेव्हा मी भीतभीत सांगितलं की आई बाजारातून खारा बांगडा आणते, आणि कधी कधी त्यावर लाल डाग चढतो. मग ती तो बांगडा टाकून देते. एवढ्या मिठात कोण जगत असेल?

मला वाटलं, तू जैन, मासळीचं नाव काढल्यावर तोंड वाकडं करशील. केलंसही. पण डोळे चमकले होते. दुसऱ्या दिवशी मी कागदाच्या पुडीत लाल झालेलं मीठ खरवडून आणलं, तेव्हा तू नाकाला रुमाल बांधून तयार होतास.

"माशाला हात लावनार न्हाय मी. माशावरच्याला लावतो."

"आणि एवढे जीव उकळून मारणार, ते तुला चालतं होय रे?" मी विचारलं.

तू सांगितलंस की तुझी आई पाणी दुहेरी फडक्यानं गाळते. गाळून झालं की फडकं उलटं करून त्यावर हळू पाणी सोडते, आणि फडक्याला लागलेले जीव त्या पाण्याबरोबर परत विहिरीत पोचवते. जिथले तिथं. "तिला दिसत न्हाईत ते. खरं ती सोडतीच. मी बी तसंच करनार. सगळं घालनार न्हाय उकळायला. थोडं मागं ठेवनार."

मी हसलो. तू हसला नाहीस. त्या दिवसापासून प्रत्येक वाढीतली एक लहान नळी तू बाजूला ठेवायला लागलास. फ्रिजमध्ये जागा नसली तर खिडकीत, स्पिरिटच्या बाटलीमागे.

दह्यातला जिवाणू एका रात्रीत वाढला. मिठातला काही वाढेना. अंडं तरंगेल इतकं मीठ घातलेल्या पाण्यात आपण त्याला ठेवला होता. आठवडा गेला, पुढचाही गेला. सर म्हणाले, काही नाही त्यात, टाकून द्या. तू म्हणालास, "ऱ्हाऊ दे सर, आळशी असंल." आणि एका सकाळी पाणी जरासं गुलाबी दिसलं. मग लाल. मग कोकमाच्या आगळासारखं गडद. तू तो चंबू उजेडात धरून सगळ्या वर्गाला दाखवत फिरलास. कुणी विचारलं, सरबत आहे काय? तू म्हणालास, "पी की, खारट हाय थोडं." भिंगाखाली बघितलं तर साध्या काड्या. दह्यातल्या काड्या आणि ह्या, मला तरी फरक कळला नसता.

पुढचं काम धुण्याचं. नळी यंत्रात फिरवून जिवाणू तळाला बसवायचे, वरचं पाणी ओतायचं, स्वच्छ पाण्यानं धुवायचे. दह्यातला तू शुद्ध पाण्यानं धुतलास, नीट धुतला गेला. मग मिठातला घेतलास. मीठ निघून जायला हवं म्हणून त्यात जरा जास्तच पाणी घातलंस आणि नळी हलवलीस. तळाची लाल गोळी बघता बघता पसरली. सगळं पाणी लाल झालं, घट्ट झालं. काडी घालून वर उचललीस तर अंड्याच्या पांढऱ्यासारखा धागा काडीबरोबर लोंबत आला.

"सिद्धू," तू म्हणालास, "फुटलं रं हे. पान्यानं फुटलं."

तुझ्या घरात ज्याला सगळ्यांत जपतात, त्या गाळलेल्या स्वच्छ पाण्यानं ते मेले होते. मिठाशिवाय ते जगूच शकत नव्हते, पाणी आत शिरून फुटले. तू बराच वेळ तो धागा बघत होतास. मग तो चिकटा तसाच वाळवायला ठेवलास, कारण दुसरं काही हातात नव्हतं.

त्यापुढचं काम तुला फार आवडायचं. वाळलेले जिवाणू पाण्याचा अंश नसलेल्या कोरड्या मेथनॉलमध्ये आम्ल घालून गरम ठेवायचे. उष्णतेनं चरबीचे सांधे सुटतात. मग त्याचा एक एक थेंब काचेवर खालच्या बाजूला ठेवायचा आणि काच उभी करून द्रावणात टेकवायची. द्रावण काचेवरून वर चढतं आणि सुटे तुकडे बरोबर घेऊन जातं. सांधा न सुटलेलं असेल ते खालीच रेंगाळतं. शेवटी काचेवर आम्ल फवारून ती तापवली की ठिपके काळे उमटतात. सांगायला सोपं. पण त्याआधी काचेवर पांढऱ्या भुकटीचा पातळ लेप सारखा ओतावा लागतो, आणि तो तुझ्यासारखा कुणाला जमायचा नाही. तू आंबोळी घातल्यासारखा मनगट फिरवायचास. माझ्या काचेला कायम खड्डे. "तुझ्या काचेवर ठिपका चढायच्या आधी ठेचकाळतोय," असं तू म्हणायचास.

शनिवारी काच तापवली. दह्याचा ठिपका थेट वर, काळाभोर. मिठाचा ठिपका खाली. वरच्या जागी काही नाही. अगदी काही नाही.

सरांनी काच हातात घेऊन तिरकी धरली. "कच्चं राहिलंय," ते म्हणाले. "त्या चिकट्यात पाणी राहिलं असणार. पाणी असलं की सांधे सुटत नाहीत. धुताना गडबड झाली, पाटील." ओरडून नाही म्हणाले. साधेपणानं म्हणाले. तू "व्हय सर" म्हणालास. मग ती काच खरवडलीस, धुतलीस, आणि जाण्याआधी तिच्यावर नवा लेप ओतून वाळत ठेवलास. तुझा हात नेहमीसारखाच फिरला.

स्टँडवर आपण उभे होतो.

"परत करू की," मी म्हटलं.

"कशातनं करतोस? सगळं घातलंय त्यात." मग थोड्या वेळानं, "मागं ठेवलेली नळी हाय म्हना खिडकीत. खरं ती वाढायला म्हैना जाईल. मी धुतलं म्हनून बिघडलं रं. माझं चुकलं."

"तसं कशावरून?"

"मग दुसरं काय असनार?"

गाडी लागली. तू चढलास, आणि खिडकीतून डोकं काढून ओरडलास, "सोमवारी ताजं दही आनतो!" गाडी वळली. आपलं बोलणं तिथंच राहिलं आहे. मग दुसरं काय असणार, हा तुझा प्रश्न, आणि मी उत्तर न देता स्टँडवर उभा.

तुझ्या जाण्यानंतर काही दिवस मी प्रयोगशाळेत नुसता बसायचो. सर म्हणाले, प्रकल्प दह्याच्या ठिपक्यावर संपव, कुणी काही म्हणणार नाही. मी बरं म्हटलं. पण तेवढ्यावर संपवलं असतं, तर तुझी चूक म्हणूनच ते कायमचं राहिलं असतं. एका दुपारी वर्गात सर वेगळंच काहीतरी शिकवत होते. मी शेजारी बघितलं. तुझ्या जागेवर कुणी बसत नाही. कुणी हात वर करणार नव्हतं.

श्रेणिक, मी हात वर केला. तीन वर्षांत पहिल्यांदा. सगळा वर्ग मागं वळला.

"सर," मी म्हणालो, आणि आवाज इतका बारीक निघाला की सर म्हणाले, "काय?" मी उभा राहिलो. "सर, चूक पाण्याची असेल, तर दह्याचं मुद्दाम ओलं ठेवलं की तेही खालीच राहायला पाहिजे. आणि मिठातलं खडखडीत वाळवलं की ते वर जायला पाहिजे. करून बघू का?"

कुणी हसलं नाही. सरांनी खडू खाली ठेवला. "मिठातलं आहे कुठं आता?"

"त्यानं थोडं मागं ठेवलंय."

स्पिरिटच्या बाटलीमागे ती नळी होती. तिच्यावर तुझं बारीक अक्षर. पाणी फिकट गुलाबी. मी तिच्यातलं थोडं नव्या खाऱ्या पाण्यात घातलं आणि बाकीचं होतं तिथंच ठेवलं. मग वाट बघितली. रोज आल्या आल्या चंबू बघायचो. तुझ्यासारखं "आळशी असंल" म्हणायला जमलं नाही. मला भीती वाटायची. ह्यावेळी ते उगवलं नसतं, तर नळीतलं बाकीचंही मेलंय असंच ठरलं असतं.

उगवलं. लाल झालं. ह्यावेळी मी ते खाऱ्या पाण्यानंच धुतलं. एकही फुटलं नाही. मग इतकं वाळवलं की नळीत खडखड वाजायला लागलं. दह्यातल्यात मी वाळल्यावर मुद्दाम पाण्याचे थेंब घातले. दोन्ही नळ्या एकाच दिवशी गरम ठेवल्या. काच मी स्वतः ओतून बघितली, पण खड्डे पडले. शेवटी तू त्या शनिवारी ओतून वाळत ठेवलेली काच घेतली. ती कपाटात तशीच होती, कडेला तुझ्या अंगठ्याचा ठसा.

द्रावण वर चढत होतं तेव्हा मी काचेकडे बघितलं नाही. खिडकीतून बाहेर बघत राहिलो. फवारा मारून काच तापवली, आणि सर माझ्या मागे येऊन उभे राहिले.

दह्याचा ठिपका, पाणी घातलेलं असूनही, वर होता. जरा फिका, पण वर. आणि मिठातला, खडखडीत वाळवलेला, त्या शनिवारी होता तिथंच. खाली. वरची जागा रिकामी.

दुसऱ्या दिवशी सर धारवाडला गेले, तिथल्या ग्रंथालयात बसले, आणि परत आल्यावर मला बाहेर व्हरांड्यात बोलावलं.

"सिद्धार्थ, ते कच्चं नव्हतं. ह्यांच्या चरबीचा सांधाच वेगळा आहे. दह्यातल्याचा एस्टर असतो, बाकी सगळ्या जिवाणूंचाही. आम्लात गरम केलं की सुटतो. ह्यांचा ईथर. काही केलं तरी सुटत नाही. ठिपका खालीच राहणार. तीच त्याची जागा. आणि आता काही लोक म्हणायला लागलेत की हे दिसायला काड्या असले, पुस्तकात जिवाणूंच्या पंगतीला बसवलेले असले, तरी ते त्या भावकीतलेच नाहीत. फार मागं कधीतरी वेगळं झालेलं, तिसरंच घराणं. त्या शनिवारी ते काचेवर आलं होतं. माझ्या हातात होतं ते." मग सर आत तुझ्या अ‍ॅप्रनशी गेले, त्याला हात लावला, आणि निघून गेले.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण तू बरोबर काम केलं होतंस आणि चुकलं म्हणत गाडीत चढला होतास. ही दोन वाक्यं मी शेजारी शेजारी ठेवून बघतो, आणि मला ती सहन होत नाहीत. मध्ये एकच दिवस होता. सोमवारी आला असतास तर मी तुला बिघडलं म्हणू दिलं नसतं. की दिलं असतं? माहीत नाही. तुझ्या जागी हात वर करायची वेळ आली तेव्हाच मला ते सुचलं. तू असतास तर मी तुझ्या हाताची वाट बघत बसलो असतो.

काच वर्तमानपत्रात गुंडाळून मी तुझ्या गावी गेलो. लेप उडू नये म्हणून मांडीवर धरून बसलो होतो. शेजारच्या माणसानं विचारलं, "फोटू हाय काय देवाचा?" मी नाही म्हटलं, आणि मग काय आहे ते सांगता येईना.

तुमच्या पुढच्या सोप्यात तुझे वडील, आप्पा, बसले होते. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली, बोलले नाहीत. विहिरीवरची मोटार बंदच आहे. तुझी आई आतून आली. मी नमस्कार केला. तिनं बस म्हटलं, आणि मला द्यायला पाणी घेतलं. आधी दुहेरी फडक्यातून गाळलं. मग फडकं उलटं करून त्यावर हळू पाणी सोडलं, आणि ते पाणी बारक्या तांब्यात बाजूला ठेवलं, विहिरीत सोडायला. त्याच विहिरीत. श्रेणिक, मी ते बघत होतो आणि पेला माझ्या हातात तसाच होता. तिला तिथं जाववतं कसं? पण ती जाते. फडक्यावरच्या जिवांचा काय दोष, असंच ती म्हणेल.

मी काच उलगडली. कडेचा थोडा लेप गळला होता, ठिपके शाबूत होते.

"काय हाय हे?"

"त्याचं काम, काकू."

तिनं पदरानं डोळे पुसले आणि वाकून बघितलं. "ह्यातलं माझं कुठलं? दही न्हेलतं त्यानं."

"हे वरचं."

"आनि हे खालचं तुझ्या आईचं?"

"हो. मिठातलं," मी म्हणालो. त्या घरात मासळीचा शब्द माझ्या तोंडातून निघेना.

"मिठातलं कशाला म्हनतोस? बांगड्यावरचं हाय. सांगितलंतं त्यानं मला. आंगोळ केल्याबिगर आत घेतलं न्हवतं त्येला." तिचा चेहरा हसल्यासारखा झाला आणि तसाच राहिला. मग काचेवरून नजर न काढता ती म्हणाली, "शनवारी जेवला न्हाय. माझं चुकलं आई, पान्यानं सगळं घालिवलं, म्हनत हुता. सकाळी उठून तसाच हिरीवर गेला." आणि मग तिनं माझ्याकडे बघितलं. "चुकलंतं काय रं त्याचं?"

"न्हाय काकू." माझ्या तोंडातून तुझीच भाषा निघाली. "त्याचं बरोबर हुतं. ते खालीच ऱ्हातंय. त्येची जागाच ती हाय. सर बघून आल्यात, धारवाडला जाऊन."

ती उठली नाही, तिथूनच मोठ्यानं म्हणाली, "अवं, ऐकलासा काय? चुकलं न्हवतं त्याचं."

आप्पांनी मान वर केली. पहिल्यांदाच बोलले. "ऐकलं," म्हणाले.

निघताना तुझ्या आईनं विचारलं, "ते जीव अजून हाईत?"

"हाईत. त्यानं मागं ठेवलेलं. मीबी थोडं ठेवलंय."

"मग कोंडून ठेवू नगंस बाबा. जिथलं हाय तिथं सोड. खरं हिरीत न्हवं हं," ती म्हणाली, "पान्यानं फुटत्यात ते."

तिला सगळं माहीत होतं, श्रेणिक. तू त्या रात्री न जेवता तिला सगळं सांगितलं होतंस.

काच मी तिथंच ठेवून आलो. तुझी खिडकीतली नळी कॉलेजात आहे. तिच्यातलं थोडं मी उचगावला नेलं. आईनं बाजारातून आणलेल्या खाऱ्या बांगड्यांतला एक मागून घेतला, फुटक्या गाडग्यात भरपूर मीठ पसरून त्यावर ठेवला, आणि ते गुलाबी पाणी त्याच्यावर सोडलं. आई चुलीपुढून बघत होती. मी तिला तुझ्याबद्दल सांगितलं. क्यान्टीनमधलं सख्ख्या भावाचं सांगितलं, आंबोळीसारखं लेप ओतायचं सांगितलं, दह्याचं आणि मिठाचं सांगितलं. किती समजलं ठाऊक नाही.

आज सकाळी ती मागच्या पडवीत गेली आणि गाडग्यापाशी वाकली. कल्ल्याजवळ लाली दिसत होती.

"लाल चढलंय रं," ती म्हणाली. असं म्हणून झालं की ती बांगडा उचलून बाहेर फेकते, लहानपणापासून बघत आलोय. ती थोडा वेळ तशीच वाकून उभी राहिली. मग गाडगं उचलून मांजर पोचणार नाही अशा उंच कोनाड्यात ठेवलं, आणि चिमूटभर मीठ वर आणखी टाकलं.